दुपारपुरती आई

डिसेंबर लागला की आमच्या डेपोतला सरकता पट्टा थांबायचं नाव घेत नाही. पार्सलं येत राहतात आणि आम्ही बायका दोन्ही बाजूंना उभ्या राहून ती गावागावांच्या पोत्यांत टाकत राहतो. लोकांचा नाताळ आमच्या हातांखालून जातो. खोका उचलला की साधारण कळतं, हे स्वेटर, हे काचेचं, ह्यात बॅटरीवर बोलणारं काहीतरी. हे शेवटचं पट्ट्यावरच बोलायला लागतं. एकदा एक खोका सबंध पाळीभर 'मला कुशीत घे' म्हणत होता. आमची मुकादमीण शेवटी त्याला म्हणाली, "आधी मला कोण घेतंय ते बघ."

तिथे लागल्यापासून मी एक नेम धरला आहे. पाळीतलं पहिलं पार्सल हातात आलं की त्यावरच्या नावासाठी छोटी प्रार्थना म्हणायची आणि मग ते पुढे सोडायचं. मोठं काही मागत नाही. हे ज्याला जातंय त्याचं घर उबदार असू दे, एवढंच. नेम कधी मोडला नाही, पण खरं सांगायचं तर नाताळ जवळ येतो तशी प्रार्थना आखूड होत जाते. शेवटच्या आठवड्यात नुसतं नाव वाचते आणि म्हणते, प्रभू, तूच बघ.

त्या वर्षी सोबतच्या दोघी आजारी पडल्या आणि त्यांचीही जागा मीच सांभाळली. सगळा महिना मी एकाच गोष्टीवर तग धरून होते. नाताळची दुपार. सकाळी चर्च, मग जेवण, आणि जेवणानंतर माझी झोप. आमच्या घरात ती ठरलेली आहे. पडदा ओढायचा, दार लावायचं आणि दिवे लागेपर्यंत कुणी 'आई' म्हणून हाक मारायची नाही. घराला आग लागली तर बाबाला सांगायचं. वर्षातून ही एक झोप मी मागून घेतलेली आहे. पट्ट्यापाशी पोटऱ्या भरून आल्या की मी मनातल्या मनात तो पडदा ओढायचे.

घरातली दुसरी ठरलेली गोष्ट सासऱ्यांची. ते सुतार होते. नाताळात घ्यायला कुणालाही येतं, द्यायला शिकवावं लागतं, असं त्यांचं म्हणणं. म्हणून त्यांनी मुलांना एक वळण लावलं. पाच वर्षं पूर्ण झाली की दर नाताळात प्रत्येकाने आपली एक वस्तू देऊन टाकायची. ती स्वतःची हवी. मोडकी, नावडती नको. आपल्या हाताने द्यायची आणि दिली की दिली. परत मागायची नाही, तिच्याकडे बघून उसासेही टाकायचे नाहीत. ह्याला ते 'हातचं' म्हणायचे. सासरे गेले, हातचं राहिलं. ह्यांनी लहानपणी आपली गलोल दिली होती आणि ज्याला दिली त्याने पहिल्याच दिवशी ह्यांच्याच घराची काच फोडली. सासूबाई ही गोष्ट दरवर्षी सांगतात आणि हे दरवर्षी म्हणतात, "नेम मीच शिकवला होता त्याला."

थोरल्याची दोन-तीन हातची देऊन झाली होती. त्याला नियम फार प्रिय. घरात कधी वकील लागलाच तर बाहेर शोधायला नको. धाकटीची त्या वर्षी पहिली खेप, त्यामुळे ती डिसेंबरभर त्याच विचारात होती.

एका सकाळी मी कामावर निघायच्या गडबडीत तिची वेणी घालत होते. रबर माझ्या दातांत, डोळे घड्याळावर. ती म्हणाली, "मी बाहुली देऊ?"

"बाहुली तुझी कुठेय?" थोरला दात घासता घासता म्हणाला. "आजीने दिलीय. म्हणजे आजीची."

"मग चित्रांचं पुस्तक?"

"बाबाने आणलं."

"बूट?"

"तेही बाबाने. स्वतःचं पाहिजे. आजोबांचा नियम आहे."

"मग माझं काय आहे?"

"ते तू शोध. मी काय सगळंच सांगू?"

दिलेली वस्तू ज्याला दिली त्याची होते, हे तिला संध्याकाळी नीट सांगू असं मी ठरवलं. संध्याकाळी घरी आले आणि बूट न काढताच खुर्चीत झोपले. मग ते राहूनच गेलं.

दोन दिवसांनी धाकटीने विचारणं थांबवलं. "माझं हातचं ठरलं," ती म्हणाली. "सांगूनसुद्धा आले." काय दिलंस, कुणाला दिलंस, म्हटलं तर ओठ मिटून घेतले. सासूबाईंना कौतुक वाटलं. "आजोबांवर गेलीय," त्या म्हणाल्या. "तेही काम पुरं होईपर्यंत दाखवायचे नाहीत."

नाताळच्या सकाळी चर्चमध्ये प्रवचन चालू असताना माझं कपाळ दोनदा पुढच्या बाकाला टेकलं. मागच्यांना वाटलं असेल, केवढी ही भक्ती. घरी येऊन जेवणं झाली, केक कापून झाला. ह्यांनी आपणहून सांगितलं, भांडी मी घासतो, तू पड. मी खुर्चीतून उठते तोच धाकटी माझं लोकरीचं जाकीट घेऊन आली.

"आई, हे घाल. खाली गार असतं."

"खाली कशाला?"

"तुला शिंपीणबाईंना दिलंय."

शिंपीणबाई म्हणजे आमच्या तळमजल्यावरच्या. सगळा जिना त्यांना ह्याच नावाने ओळखतो. वय झालेलं, माणूस एकटं आणि जीभ कात्रीला लाजवणारी. मुलं जिन्यातून धावली की दार उघडून विचारतात, "घोडे पाण्यावर चाललेत का?" धाकटीला मात्र त्यांच्याकडे प्रवेश आहे. कापल्या कापडाच्या चिंध्या गोळा करायला ती जाते.

"दिलंय म्हणजे काय?" ह्यांनी विचारलं.

"हातचं." तिने अगदी शांतपणे बोटांवर मोजून सांगितलं. "बाहुली आजीची. पुस्तक बाबाचं. बूट बाबाचे. आई माझी आहे. सगळे म्हणतात ना, तुझी आई आली बघ, तुझ्या आईला सांग."

थोरल्याने हातातला चमचा खाली ठेवला. "आई माझीपण आहे."

"म्हणून मी अर्धीच दिली. दुपारपुरती. सकाळची आणि रात्रीची तुझी."

आमच्या वकिलाने चमचा पुन्हा उचलला.

मला हसू यायला हवं होतं. आलं ते डोळ्यांत पाणी, आणि तेही मायेचं नव्हे. भुकेल्याच्या पुढ्यातून ताट ओढून नेल्यावर येतं, त्या जातीचं.

"मला विचारलंस तू?" मी म्हणाले.

ती गोंधळली. "बाहुली दिली असती तर बाहुलीला विचारलं असतं का?"

ह्यांनी टपटपणारा नळ घट्ट बंद केला.

"मी जाऊन सांगते त्यांना," सासूबाई म्हणाल्या. "लेकरू आहे, म्हणावं, कळलं नाही तिला. तू जा, आडवी हो."

"नाहीतर मी जातो हिच्याऐवजी," हे म्हणाले. "जड काही उचलायचं असेल तर उचलून देईन."

"तू कसा जाशील?" धाकटी म्हणाली. "तू आजीचा आहेस."

हे खरोखरच आपल्या आईकडे बघायला लागले. धाकटीही आजीपाशी गेली. "आजी, दिलेलं परत मागायचं का?" तिने विचारलं. हट्ट नव्हता त्यात. तिला खरंच माहीत करून घ्यायचं होतं. सासूबाईंनी भिंतीवरच्या सासऱ्यांच्या फोटोकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग टेबलावरचे केकचे कण गोळा करायला घेतले.

मी जाकीट घातलं. त्यात मोठेपणा काही नव्हता. वाद घालायचा तरी उभं राहावं लागणार होतं, आणि वादापेक्षा जिना लहान होता. आणि हेही मनात आलं, की ह्या पोरीने जन्मात पहिल्यांदा काही दिलं, ते आम्हीच तिच्यादेखत मागे आणलं तर दुसरं ती कशाला देईल?

जिना उतरताना आठवलं, आज हातात पार्सल आलं नाही, नेम राहिला. मग शिंपीणबाईंसाठीच म्हणावं असं ठरवलं, तर त्यांचं नाव मला माहीत नाही. इतकी वर्षं एका जिन्यात राहून. 'तळमजला, डावीकडचं दार,' एवढंच म्हणाले. पत्ता तरी पुरा होता.

दार उघडंच होतं.

"आलीस?" शिंपीणबाई म्हणाल्या. "मला वाटलं होतं कुणीतरी निरोप घेऊन येईल, पोरगी लहान आहे, मनावर घेऊ नका."

"येणारच होता तो निरोप."

"चेहऱ्यावरून दिसतंय. दंड भरायला आल्यासारखी उभी आहेस. ये आत, गारवा येतो."

खोली म्हणजे एक मोठं कापणीचं टेबल आणि त्याच्या भोवती उरलेली जागा. मशीन खिडकीपाशी, शेजारी उभा आरसा. त्यांनी कोपऱ्यातल्या पुतळ्यावरची चादर काढली. खाली गडद निळा जाड कोट होता, बाह्या न जोडलेला.

"तुझी पोरगी इथे उभी राहून म्हणाली, मी तुम्हाला माझी आई देते, दुपारपुरती. मी म्हणायला हवं होतं, राहू दे गं बाळा. नाही म्हणाले." त्यांनी कोट पुतळ्यावरून उतरवला. "हा माझा. कित्येक हिवाळे कापड नुसतं घडी करून ठेवलं होतं. जगाच्या पाठी बसवल्या मी, माझ्या पाठीला माझा हात पोचत नाही. गिऱ्हाइकाला कसं म्हणणार, बाई, जरा वळते, टाचण्या लावा? आणि दुसरं येतं कोण इथे?"

"मग वर हाक मारायची."

"कुणाला? तू सकाळी जातेस ती धावत. येतेस ती कठड्याला धरून. मी दारातून बघते ना." त्यांनी कोट अंगात घातला आणि माझ्याकडे पाठ केली. "घे. टाचण्या टेबलावर आहेत."

"उभ्याने करायचं?"

"पाठ उभ्यानेच दिसते, बाई."

मी उभी राहिले. महिनाभर उभीच होते, त्यात आणखी एक दुपार. टाचणी कापडात जाईना, गेली तर बोटात यायची. त्या आरशातून बघत होत्या.

"आडवी घाल. उभी टोचते. अगं, तू काय पार्सल बांधतेस का?"

"तेच करते मी."

"मग वर चिठ्ठीपण चिकटव, नाजूक वस्तू, सांभाळून."

मला हसू आलं. त्यांची पाठ खरंच तशीच होती. जाड कापडाखाली मणके हाताला लागत होते आणि उजवा खांदा डाव्यापेक्षा बराच खाली उतरलेला. मशीनवर वाकून वाकून झालं असणार. दोन्हीकडे सारखं धरलं की कोट तिरका दिसायचा.

"उजवीकडे जास्त धर," त्या म्हणाल्या. "तिकडे मी कमी आहे."

त्या सांगत होत्या, वर, खाली, थोडं सोड. मी करत होते. कुणी गात गात रस्त्यावरून गेलं. डोळे मिटले तर उभ्याउभ्या झोप लागली असती, म्हणून मी टाचण्या दातांत धरल्या.

दाराशी सावली हलली. धाकटी उंबऱ्याबाहेर उभी होती, पायांत दोन वेगवेगळे मोजे.

"काय पाहिजे?" शिंपीणबाईंनी आरशातूनच विचारलं.

"काही नाही. बघायला आले."

"काय?"

"आई."

"दिलेल्या वस्तूकडे बघत बसायचं नसतं ना तुमच्यात?"

"उसासे टाकायचे नसतात," ती म्हणाली. "मी कुठे टाकतेय?"

ती तशीच उभी राहिली. तिच्या एका वेणीचं रबर निघालं होतं आणि केस खांद्यावर पसरले होते. थोड्या वेळाने म्हणाली, "बाबा म्हणतो झोप. मला झोप येत नाही. आणि बाबाला वेणी येत नाही. तो गाठ मारतो."

माझे हात कोटावरून निघाले. मला कळलंसुद्धा नाही. ते आपले आपण निघाले.

"पाठ अर्धी सोडू नकोस," शिंपीणबाई हळूच म्हणाल्या. ओरडल्या नाहीत. त्यांना तो कोट हवा होता. खरोखर हवा होता. मला तो हवेपणा आरशात दिसत होता, आणि दारातला दुसराही दिसत होता.

"दिवे लागले की घालते वेणी," मी धाकटीला म्हणाले.

तिचा खालचा ओठ हलला. ती रडेल आणि मग सगळंच सोपं होईल, असं मला वाटलं. ती रडली नाही. आत आली, टेबलाखाली शिरली आणि चिंध्यांच्या ढिगात बसली. मी पुन्हा टाचण्या घ्यायला लागले. जरा वेळाने माझ्या घोट्याभोवती तिची बोटं आली, मोज्यावरून. ओढलं नाही तिने, नुसतं धरून ठेवलं.

मला वर्षभर कुणी ना कुणी नेतच असतं. डेपो नेतो, स्वयंपाकघर नेतं, सासूबाईंचे गुडघे नेतात, शाळेची पालकसभा नेते. घेणाऱ्याला त्याचं काही वाटत नाही, आणि मागे कुणाचं काही कमी होतं असं मलाही कधी वाटलं नव्हतं. त्या दुपारी पहिल्यांदा मी कुणाचीतरी कमी झाले, हे मला कळलं. तिने मला देऊन टाकलं, आणि आता टेबलाखाली बसून ती ते भोगत होती, नियमात राहून.

शेवटची टाचणी लागली तेव्हा शिंपीणबाईंनी कोट सांभाळून उतरवला. "बस तिथे स्टुलावर. मी टाके घालते, तू बाही धर."

मी बाही धरली. एवढंच आठवतं.

जाग आली ती मान आखडल्यामुळे. खिडकी काळी पडली होती आणि टेबलावरचा दिवा लागला होता. माझ्या खांद्यांवर अस्तराचं कापड होतं. एक पाय मुंग्यांनी भरून गेला होता, कारण त्यावर डोकं ठेवून धाकटी झोपली होती. शिंपीणबाई कोट घालून आरशापुढे उभ्या होत्या. कच्चे पांढरे टाके दिसत होते, पण पाठ सरळ होती. दोन्ही खांदे एका रेषेत. त्या मागे वळून, मान तिरपी करून, आपलीच पाठ बघत होत्या.

"घोरतेस," त्या म्हणाल्या. "मशीनचा आवाज ऐकू येईना मला."

"उठवायचं मग."

"का म्हणून? टाचून झालं होतं. राहिलेली दुपार माझीच होती की. मला हवी तशी वापरली."

आवाजाने धाकटी उठली. डोळे चोळत आधी माझा पाय बघितला, मग मला.

"ने आता तिला," शिंपीणबाई म्हणाल्या.

"परत घ्यायचं नसतं."

"मी कुठे परत देतेय? दुपार संपली. तेवढीच दिली होतीस ना?"

धाकटीने विचार केला आणि मान डोलावली. दारात गेल्यावर वळून विचारलं, "आवडली?"

"टाचण्या तिरक्या लावते," त्या म्हणाल्या. "पण चालली."

जिना चढताना तिने माझा हात दोन्ही हातांनी धरला होता, त्यामुळे आम्ही फार हळू चढलो. मला कठडाही हवा होता.

"पुढच्या वर्षी मी बाहुली देणार," ती म्हणाली.

"ती आजीची आहे ना?"

"आजीला विचारीन."

"आणि मी?"

ती एक पायरी चढली. "तू फार लांब गेली होतीस."

"अगं, खालीच तर होते."

"तरी."

वर हे भांडी घासून, पालथी घालून, खुर्चीतच झोपले होते. थोरला म्हणाला, "आता रात्र झाली, आता आई माझी." मी म्हटलं, "थांब जरा, आधी हिची वेणी." त्याने नियमात बसतं का ह्याचा विचार केला आणि बसतं असं ठरवलं.

मी पलंगावर बसले, धाकटीला पुढ्यात बसवलं. तिच्या केसांत कोटाचे निळे दोरे अडकले होते. ते एकेक काढत बसले. पाय अजून ठणकत होते. सकाळी पाळी होती. नाताळ झाला की लोक नको असलेलं परत पाठवतात, आणि तो आठवडा आधीच्यापेक्षा जड जातो.

"घट्ट घाल," ती म्हणाली.

मी रबर दातांत धरलं आणि घट्ट घातली.